मेक्सिकोच्या शांत किनाऱ्यावर, खिशाला परवडेल असं: वाहाकाच्या समुद्रगावांत निवांत राहण्याची सविस्तर तयारी

कान्कून आणि तुलुम ही मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची गाजलेली पर्यटनस्थळं या लेखात नाहीत. ती ठिकाणं वाईट आहेत असं नाही, पण तिथे शांतता हवी असेल तर तिचे वेगळे पैसे मोजावे लागतात. आपण देशाच्या दुसऱ्या अंगाला, पॅसिफिक महासागराच्या बाजूला जाऊ. वाहाका राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर पुएर्तो आंखेल, सिपोलिते, सान आगुस्तिनियो आणि मासुन्ते ही चार गावं एकाच रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरांत ओळीने बसली आहेत. पश्चिमेला तासा-दीड तासावर पुएर्तो एस्कोन्दिदो हे मोठं गाव आहे आणि त्याच्याही पलीकडे चाकाहुआचं लगून, म्हणजे समुद्रालगतचं खारं तळं.

नकाशावर ही नावं शोधताना एक लक्षात ठेवा. वाहाकाचं स्पेलिंग इंग्रजी 'ओ'पासून सुरू होतं आणि मधे 'एक्स' येतो. मासुन्ते आणि सिपोलिते या दोन्ही नावांत 'झेड' आहे, पण तिथे 'झ' म्हणालात तर पिकअपचा ड्रायव्हर दोनदा विचारेल.

ही सहल स्वस्त होते ती एका जागी राहिल्यामुळे. दर दोन दिवसांनी गाव बदललं की टॅक्सी, नवी खोली, बाहेरचं घाईचं जेवण आणि 'आलोच आहोत तर' म्हणून घेतलेल्या टूर, असा खर्च वाढत जातो. एका गावात सात-आठ रात्री काढल्या तर खोलीचा दर उतरतो, बाजार कळतो, कोणत्या खानावळीत दुपारी काय शिजतं ते कळतं. म्हणून पुढची सगळी आखणी दहा-बारा दिवस आणि फार तर दोन मुक्काम असं धरून केली आहे.

कधी जायचं

कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही नोव्हेंबरचा उत्तरार्ध, किंवा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ निवडा. नोव्हेंबरात पावसाळ्याचा हिरवा रंग अजून डोंगरावर असतो आणि गर्दी सुरू झालेली नसते. मार्चनंतर झाडोरा वाळतो आणि दुपारचा उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो.

दोन आठवडे मात्र कटाक्षाने टाळा: नाताळ ते नववर्ष, आणि ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, ज्याला तिथे सेमाना सान्ता म्हणतात. त्या दिवसांत अख्खा मेक्सिको समुद्रावर लोटतो, खोल्यांचे दर कुठच्या कुठे जातात आणि शांत गाव शांत राहत नाही.

जून ते ऑक्टोबर पावसाळा. दर कमी, गावं रिकामी, संध्याकाळी धो-धो पाऊस. ज्यांना पाऊस आवडतो त्यांनी जरूर जावं, पण वादळांचा विचार करून. पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर. ३० मे २०२२ रोजी आगाथा हे वादळ याच पट्ट्यात, पुएर्तो आंखेलजवळ किनाऱ्याला धडकलं. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मे महिन्यात आलेलं ते नोंदींतलं सर्वांत तीव्र वादळ. जून २०२५ मध्ये एरिक वादळ याच राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आलं. त्यामुळे या महिन्यांत जाणार असाल तर रद्द करता येणारी खोली आणि बदलता येणारं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

व्हिसाचं काम आधी उरका

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा मुदत न संपलेला, एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा पासपोर्टवर असेल, किंवा यांपैकी एखाद्या देशात तुमचं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा काढावा लागत नाही. जास्तीत जास्त मुक्काम १८० दिवसांचा, पण प्रत्यक्षात किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पासपोर्टवर पडलेला दिवसांचा आकडा तिथेच उभं राहून वाचा.

अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी खास सूचना. पासपोर्टवरचा शिक्का संपलेला आहे आणि हातात फक्त मुदतवाढीचं मंजुरीपत्र आहे, अशी पुष्कळांची स्थिती असते. त्या कागदावर अमेरिकेत राहता येतं, पण मेक्सिकोत शिरण्यासाठी तो व्हिसा धरला जात नाही. चालू शिक्का नसेल तर मेक्सिकोचा व्हिसा काढा.

भारतातून निघणाऱ्यांनी मधल्या थांब्याचाही विचार करावा. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा मागतात. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून लगेच काढू नका, आधी मार्ग तपासा. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं आरक्षण छापून जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते.

पोचायचं कसं

पहिला टप्पा मेक्सिको सिटी. भारतातून जाताना इस्तंबूल, दुबई किंवा युरोपातलं एखादं शहर मधे पडतं आणि प्रवासाला सहज दीड दिवस जातो. तिथलं घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे, त्यामुळे उतरल्यावर थोडी धाप लागली तर घाबरू नका. शक्य असेल तर पहिली रात्र तिथेच काढा.

पुढे तीन वाटा आहेत.

सर्वांत सोपी म्हणजे विमान. पुएर्तो एस्कोन्दिदो आणि हुआतुल्को या दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत आणि व्होलारिस, व्हिवा, एरोमेक्सिको अशा कंपन्या मेक्सिको सिटीहून येतात. आधी काढलं तर तिकीट बसच्या जवळपास येतं, मात्र सामानाचे पैसे वेगळे लागतात, म्हणून पाठीवरच्या एका बॅगेत मावेल तेवढंच घ्या. किनाऱ्यावर तसंही दोन हाफपँट आणि चार सुती सदरे यांच्यापलीकडे काही लागत नाही. तिकिटावर विमानतळाचं नाव मात्र नीट बघा. मेक्सिको सिटीच्या जुन्या बेनितो हुआरेस विमानतळाशिवाय २०२२ मध्ये सुरू झालेला फेलिपे आंखेलेस हा दुसरा विमानतळ शहराबाहेर बराच लांब आहे. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे पाच-सहा तास तरी ठेवा.

मासुन्तेच्या पट्ट्याला हुआतुल्कोचा विमानतळ जवळ पडतो, साधारण तासाभराचा रस्ता. विमानतळाच्या आतल्या टॅक्सीचे दर चांगलेच चढे असतात. तो विमानतळ किनारी महामार्ग क्रमांक २०० ला लागूनच आहे. बॅग हलकी असेल तर फाटकाबाहेर चालत महामार्गावर या आणि पोचुत्लाकडे जाणारी सामायिक गाडी पकडा. रात्री उशिरा उतरत असाल तर हा काटकसरीचा मोह सोडा आणि आतली टॅक्सी घ्या.

दुसरी वाट वाहाका शहरातून. मेक्सिको सिटीच्या तापो बसस्थानकावरून वाहाका शहरापर्यंत उत्तम बस जातात, सहा-सात तास लागतात. तिथे दोन रात्री राहून मग समुद्राकडे उतरावं असं माझं मत, कारण ते शहर खाण्यापिण्यासाठी आणि बाजारांसाठी वेगळं बघण्यासारखं आहे. पूर्वी वाहाका ते पुएर्तो एस्कोन्दिदो हा घाटरस्ता अर्धा-पाऊण दिवस खायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्रांका लार्गा ते व्हेन्तानिया हा नवा महामार्ग सुरू झाला आणि आता छोट्या व्हॅन तीन तासांच्या आसपास पोचवतात.

तिसरी वाट जुनी, वाहाका ते पोचुत्ला, मार्ग क्रमांक १७५. हिच्यावर वळणांचा हिशोब ठेवायला जाऊ नये. वाटेत सान होसे देल पासिफिको हे ढगांतलं डोंगरगाव लागतं आणि तिथे स्वेटर घालावा लागतो. एक रात्र मोडून प्रवास केला तर सुंदर, सलग केला तर पोटाची परीक्षा. आवळासुपारी आणि मळमळीची गोळी जवळ असू द्या, ड्रायव्हरशेजारची जागा मागून घ्या.

शेवटचा टप्पा पोचुत्लाहून. हे बाजाराचं, धुळीचं, बँकांचं गाव. इथून पुएर्तो आंखेल, सिपोलिते, सान आगुस्तिनियो, मासुन्ते या क्रमाने पिकअप ट्रक धावतात. मागे दोन बाकडी, वर ताडपत्री, आत माणसं, पोती आणि कधी कोंबड्या. भाडं अगदी किरकोळ, म्हणून सुटे पैसे ठेवा. उतरायचं असेल तेव्हा 'बाहान!' म्हणून हाक मारा. सामायिक टॅक्सीही मिळते, पण बसण्याआधी 'कोलेक्तिवो' असं विचारून घ्या, नाहीतर अख्ख्या गाडीचं भाडं तुमच्या माथी पडेल. पुएर्तो एस्कोन्दिदोहून येत असाल तर पोचुत्लापर्यंत जायचं कारण नाही. महामार्गावर सान अन्तोनियोच्या फाट्यावर उतरा, तिथून मासुन्ते जवळ आहे. या भागात मोटोटॅक्सी नावाची तीनचाकी दिसली आणि ओळखीची वाटली तर ती बहुधा आपली बजाजची रिक्षाच असते.

कोणतं गाव तुमचं

इथे चुकीची निवड केली तर बाकी सगळं नीट होऊनही सहल जमत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

सान आगुस्तिनियो हे माझ्या मते कुटुंबासाठी सर्वांत योग्य. एकच रस्ता, त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला टेकडी. खडकांमुळे किनाऱ्याचे तुकडे पडले आहेत आणि काही ठिकाणी पाणी त्यातल्या त्यात शांत असतं. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर इथेच राहा, आणि खोली रस्त्याच्या पातळीवरची मागा. टेकडीवरच्या खोलीतून समुद्र दिसतो खरा, पण गुडघ्यांना तो रोज पायऱ्या चढून बघावा लागतो.

मासुन्ते वीस मिनिटांच्या चालीवर. २०१५ पासून ते सरकारच्या 'जादुई गावां'च्या यादीत आहे, त्यामुळे योगवर्ग, कॉफी, पाठीवर बॅगा टाकलेली युरोपीय मुलं हे सगळं आलं. तरी रात्री दहानंतर गाव बऱ्यापैकी निजतं. एकट्याने जाणाऱ्यांना सोबत मिळते, डॉर्म स्वस्त असतात, शाकाहारी जेवण सहज मिळतं. खर्चाच्या दृष्टीने पहिला मुक्काम इथे करावा.

सिपोलितेचा किनारा लांबलचक आणि देखणा, पण दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. इथे कपडे न घालता वावरायची मोकळीक आहे आणि लोक ती मनापासून घेतात. दुसरं म्हणजे इथलं पाणी धोकादायक आहे, त्याबद्दल पुढे. तरुण मित्रमंडळींना आणि जोडप्यांना गाव आवडतं. काका-काकूंना घेऊन मात्र इथे खोली घेऊ नका.

पुएर्तो आंखेल मासेमारीचं गाव, थोडं दुर्लक्षित, म्हणून स्वस्त. सकाळी होड्या लागतात तेव्हा बंदरावर जावं. पोहायला प्लाया पान्तेओन आणि पूर्वेकडचे एस्ताकाहुइतेचे छोटे खडकाळ कोपरे चांगले.

पुएर्तो एस्कोन्दिदो आता शांत म्हणण्यासारखं राहिलेलं नाही. सर्फिंगवाल्यांची गर्दी, वाढलेले दर, रात्रीचं संगीत. विमान पकडायच्या आदल्या रात्रीपुरतं ठीक. कारिसालियो हा अर्धगोल किनारा मात्र तिथे असाल तर सोडू नका. बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, पण पाणी शांत असतं.

खरंच काही करायचं नसेल तर चाकाहुआ. पुएर्तो एस्कोन्दिदोच्या पश्चिमेला हे लगूनांचं राष्ट्रीय उद्यान १९३७ पासून आहे. रिओ ग्रान्देपर्यंत सामायिक गाडी, तिथून सापोतालितोचा धक्का, मग होडी. धक्क्यावर पूर्ण होडी गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, तुम्ही 'लान्चा कोलेक्तिवा' म्हणजे सामायिक होडी मागा. खारफुटीतून होडी पलीकडे सोडते आणि पुढे पिकअप मिळते. इथली वस्ती मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकन लोकांची आहे. त्यांच्या समाजाला राज्यघटनेत नावानिशी स्थान मिळायला २०१९ साल उजाडावं लागलं. वाळूवर लाकडी खोल्या, हॅमॉक, कंदिलासारखा मिणमिणता दिवा आणि डास. दोन रात्री पुरतात. रोख पैसे सोबत न्या.

खोली कशी घ्यावी

पहिल्या दोन रात्रीच ऑनलाइन आरक्षित करा. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावात फेरी मारा आणि 'पोसादा' (घरगुती लॉज) किंवा 'काबान्या' (झोपडीवजा खोली) अशा पाट्या दिसतील तिथे आत जाऊन विचारा. कित्येक घरगुती खोल्या संकेतस्थळांवर नसतातच. आठवड्याचा दर 'पोर सेमाना' म्हणून विचारला की आकडा खाली येतो. दिलेल्या दरावर घासाघीस करण्यापेक्षा दिवस वाढवून सवलत मागणं तिथल्या रीतीला धरून आहे.

पैसे देण्याआधी खोलीत चार गोष्टी बघा: पंखा खरोखर फिरतो का, मच्छरदाणीला भोकं किती, नळाला पाणी येतं का, आणि शेजारी रात्री वाजणारा बार आहे का. कोंबडा असेलच, त्याला इलाज नाही. एसीची खोली बरीच महाग पडते आणि समुद्राकडून वारा येत असेल तर थंडीच्या महिन्यांत लागत नाही.

मोटा अंदाज असा: डॉर्ममधली खाट २५० ते ४०० पेसो, दोघांची साधी पंख्याची खोली ५०० ते १,००० पेसो, समुद्राकडे तोंड असलेली टापटीप खोली त्याच्या पुढे. एक पेसो साधारण पाच रुपये धरा. आणि पेसोचं चिन्ह डॉलरसारखंच असतं, पाटीवर १२० दिसलं म्हणून दचकू नका.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

वाहाकाचं जेवण मेक्सिकोत नावाजलेलं आहे आणि मक्याची तोर्तिया (पातळ पोळी), काळ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ, मिरची, लिंबू, कोथिंबीर हा ऐवज आपल्या जिभेला परका वाटत नाही. खर्चाचा मंत्र म्हणजे 'कोमिदा कोर्रिदा': दुपारचं ठरावीक ताट, सूप, भात, मुख्य पदार्थ आणि सरबत, १०० ते १५० पेसोंच्या आसपास. मोठं जेवण दुपारी करा, रात्री हलकं खा. समुद्राला लागून असलेल्या झावळ्यांच्या छपराखाली तेच ताट महाग मिळतं, एक गल्ली आत गेलात तर स्वस्त.

शाकाहारींनी चार चोरवाटा ओळखून ठेवाव्यात. घेवड्याची उसळ पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. चरबीला 'मान्तेका' म्हणतात, तेव्हा 'येवा मान्तेका?' असं विचारा. त्लायुदा ही मोठी कडक तोर्तिया इथला मानाचा पदार्थ, पण तिच्यावर आधी 'आसियेन्तो' नावाची चरबी फासतात, म्हणून 'सिन आसियेन्तो', म्हणजे 'आसियेन्तोशिवाय', असं सांगा. लाल भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. तामाल या उकडलेल्या पदार्थाच्या मक्याच्या पिठातही चरबी असते. 'सिन कार्ने' एवढंच म्हणालात तर कोंबडी येऊ शकते, कारण 'कार्ने' म्हणजे अनेकांच्या लेखी लाल मांस. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' अशी पूर्ण जपमाळ ओढा.

मग खायचं काय? केसियो हे धाग्यांचं चीज घातलेली केसादिया, त्यात भोपळ्याची फुलं मिळाली तर उत्तमच. नोपाल म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी, थोडी बुळबुळीत, भेंडीवाल्यांना आवडेल. मेमेला ही छोटी जाड तोर्तिया (तीही 'सिन आसियेन्तो' मागा), अंडी, ग्वाकामोले, भाजलेलं कणीस. पेयांत आग्वा दे हामाइका घ्या, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे. पपई आणि चिकू यांचं तर हे माहेरच. मासे खाणाऱ्यांनी बंदरावर सकाळी काय उतरलं ते विचारून तेच मागवावं.

खोलीला सामायिक स्वयंपाकघर असेल तर सकाळचा नाश्ता घरीच करा. पोचुत्लाच्या बाजारात फळं, अंडी, टोमॅटो, अॅव्होकाडो निम्म्या भावात मिळतात आणि तोर्तियेरियातून गरम तोर्तिया किलोवर घेता येतात.

पाणी नळाचं पिऊ नका. दुकानांत २० लिटरचे मोठे कॅन भरून मिळतात, त्यातून आपली बाटली भरून घ्या. पैसेही वाचतात, प्लास्टिकही.

पैसे

किनाऱ्यावर रोखीचं राज्य आहे. मासुन्ते-सिपोलितेतली एटीएम यंत्रं मोजकी, आणि सुट्टीच्या दिवसांत रिकामी होतात. पोचुत्ला किंवा पुएर्तो एस्कोन्दिदोच्या बँकेतून आठवड्याचे पैसे एकदम काढा, म्हणजे दर खेपेचं शुल्क वाचतं. यंत्र 'तुमच्या चलनात हिशोब करू का' असं विचारेल तेव्हा नकार द्या, दर तुमच्या बँकेचाच चांगला असतो. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. ५०० पेसोची नोट छोट्या दुकानात मोडत नाही. हॉटेलात दहा टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे.

समुद्र: इथे काटकसर नको, सावधगिरी हवी

या किनाऱ्यावर पर्यटकांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. उघडा पॅसिफिक, अचानक खोल होणारा तळ आणि आत ओढणारे प्रवाह. सिपोलिते यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे जीवरक्षक आणि झेंडे असतात: लाल झेंडा म्हणजे पाण्यात पाऊल नाही. मासुन्तेजवळचा मेर्मेखिता किनारा संध्याकाळी बघायला सुरेख, पोहायला अजिबात नाही. पुएर्तो एस्कोन्दिदोच्या सिकातेलावर जगभरचे कसलेले सर्फर येतात, यावरूनच काय ते समजा.

पोहायचं तर मासुन्तेचा पश्चिम कोपरा रिन्कोन्सितो, सान आगुस्तिनियोचे खडकाआडचे भाग, एस्ताकाहुइते, कारिसालियो. तिथेही आधी दहा मिनिटं उभं राहून स्थानिक मुलं कुठे डुंबताहेत ते बघा. प्रवाहाने ओढलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत प्रवाहाबाहेर या, दमलात तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. मद्य घेतलं असेल तर पाण्यात जायचं नाही, गुडघाभरसुद्धा.

किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. खुर्ची-छत्री हवी असेल तर काहीतरी मागवावं लागतं, पण आपली पंचा-चटई वाळूवर टाकून बसायला कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

दिवस कसे घालवायचे

कासवं. वेळास, आंजर्ल्याला जाऊन आलेल्यांना ऑलिव्ह रिडले नवं नाही. तीच जात इथे आहे, फक्त प्रमाण वेगळं. कोकणात एकेक मादी येऊन घरटं करते. मासुन्तेच्या पश्चिमेला एस्कोबिया किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत हजारो माद्या एकाच वेळी चढतात. त्याला 'आरिबादा' म्हणतात आणि जगातल्या सर्वांत मोठ्या विणीच्या किनाऱ्यांत त्याची गणना होते. तिथे परवानगी असलेल्या स्थानिक वाटाड्याबरोबरच जा, फ्लॅश बंद ठेवा, मादीच्या समोर उभे राहू नका.

ही गावं एकेकाळी कासवांच्या कत्तलीवर जगत होती. सान आगुस्तिनियोत कत्तलखाना होता. १९९० मध्ये मेक्सिकोने कासवांच्या शिकारीवर बंदी घातली आणि गावांचा रोजगार एका फटक्यात गेला. त्यानंतर मासुन्तेत कासव केंद्र उभं राहिलं, गावकऱ्यांनी नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांची सहकारी संस्था काढली, ला व्हेन्तानिया या शेजारच्या वाडीने मगरी आणि खारफुटी दाखवणाऱ्या होड्या सुरू केल्या. तुमचे थोडे पैसे खर्च व्हायचेच असतील तर ते या तीन ठिकाणी होऊ द्या. साबण भेट म्हणून आणायला बरा पडतो. कासवाची अंडी कुणी चोरून खायला देऊ केली तर नाही म्हणा, तो गुन्हा आहे.

पुन्ता कोमेता हे वाहाका राज्याचं दक्षिण टोक. मासुन्तेतून चालत अर्धा तास. सूर्यास्ताला सगळे जातात. सूर्योदयाला गेलात तर टोक जवळजवळ तुमचंच. परत येताना टॉर्च हवा. डिसेंबर ते मार्चच्या सुमारास कुबड असलेले (हम्पबॅक) देवमासे या पाण्यातून जातात. सकाळच्या होडीफेरीत दिसले तर नशीब, कासवं आणि डॉल्फिन बहुधा दिसतात. पुएर्तो एस्कोन्दिदोजवळच्या मानियालतेपेक लगूनमध्ये रात्री हात हलवला की पाणी निळसर उजळतं. त्यासाठी अमावास्येच्या आसपासची तारीख धरा, पौर्णिमेला पैसे वाया.

बाकी दिवस हॅमॉकमध्ये. त्याला मार्गदर्शन लागत नाही.

बारीकसारीक पण उपयोगी

संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारी टोपली असते. जेट स्प्रे कुठेही नाही. एक रिकामी बाटली किंवा घडीचा मग घेऊन जा, मराठी माणसाला याहून जास्त सांगायला नको. वीज १२७ व्होल्ट, पिना अमेरिकेसारख्या चपट्या. मोबाइलचा चार्जर चालतो, घरून नेलेली चहाची किटली चालेलच असं नाही. सिमकार्ड टेलसेलचं घ्या, किनाऱ्यावर त्यातल्या त्यात तेच पकडतं. पासपोर्ट सोबत ठेवा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, तेव्हा मलम सकाळीही लावा. बूट घालण्याआधी झटका, विंचू असतात. ओआरएसच्या पुड्या, नेहमीची औषधं आणि प्रवासविमा घरूनच. रात्रीचा रस्त्याचा प्रवास टाळा, अमली पदार्थांच्या जवळपासही फिरकू नका, आणि दुकानात शिरताना आधी 'बुएनोस दिआस' म्हणा. नमस्कार न करता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

हिशोब

दोघं मिळून राहिलात तर माणशी रोज: खोलीचा वाटा ३५० ते ४५०, जेवण ३०० ते ३५०, पिकअप आणि पाणी ५०, किरकोळ १००. म्हणजे ८०० ते ९५० पेसो, रुपयांत ४,००० ते ४,८००. डॉर्म आणि सामायिक स्वयंपाकघर वापरलं तर ६०० पेसोंतही दिवस निघतो. होडीफेरी, कासव केंद्र, चाकाहुआ यांचे वेगळे धरा. भारतातून जाणाऱ्यांचा मोठा खर्च विमानाचाच, तो लाखाच्या पुढे जातो. तो आठ दिवसांसाठी करण्यापेक्षा रजा वाढवून तीन आठवडे राहणं जास्त परवडतं. अमेरिकेतून जाणाऱ्यांना मात्र आठवडासुद्धा पुरेल.

परतीचा दिवस

किनाऱ्यावरून निघून त्याच दिवशी मेक्सिको सिटीतून लांबचं विमान पकडायचा बेत करू नका. रस्ता बंद, विमान उशिरा, असं काहीही होऊ शकतं. एक रात्र हातात ठेवा. ती सकाळ मोकळी मिळाली तर शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीतली मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं बघा. एका चित्रात पाव वाटणाऱ्या मंडळींच्या टेबलाशी बसलेला माणूस वर्ध्याचा आहे: पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, ज्यांनी पुढे मेक्सिकोच्या चापिंगो कृषिविद्यालयात शिकवलं आणि मक्यावर संशोधन केलं. इमारत सोकालो चौकाच्या उत्तरेला थोड्याच गल्ल्यांवर आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, कोणत्या वारी उघडी आहे ते आदल्या दिवशी बघा आणि बॅग हॉटेलवर ठेवूनच जा.